हवामानशास्त्र शिकायचे आहे, पण कोठे? ठाणे आणि नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ-निवडीचे टप्पे

ठाणे किंवा नवी मुंबईतील विज्ञान महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांमध्ये हवामानशास्त्र हा पदवीचा विषय शोधू लागल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही, आणि त्यावरून हा विषय आपल्याकडे शिकवतच नाहीत, असा समज करून घेऊन दुसरीकडे वळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात भारतात हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. पदवीला भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकी घ्यायची आणि त्यानंतर या विषयात शिरायचे, हा येथला रूढ मार्ग आहे. मी स्वतः ठाण्यात भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे वातावरणशास्त्रात एम.एस्सी. केले. तेव्हापासून ओळखीच्या घरांतील मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरे येथे क्रमाने मांडली आहेत. विद्यापीठाच्या नावापेक्षा विभागाचा अभ्यासक्रम आणि तुम्हाला पुढे करायचे काम यांचा मेळ पाहावा, हे माझे मत संपूर्ण लेखात दिसेल.

१. आधी काम ठरवा

'हवामानशास्त्र' या एका नावाखाली परस्परांपासून बरीच दूर असलेली कामे येतात, आणि प्रत्येक विभागाचा कल त्यांपैकी एखाद-दुसऱ्या कामाकडेच असतो.

पहिले काम प्रत्यक्ष अंदाज वर्तवण्याचे. भारतीय हवामान विभाग, हवाई दलाची हवामान शाखा आणि विमानतळांवरील हवामान कार्यालये येथे ते चालते. नकाशे, रडार, उपग्रहचित्रे आणि संगणकीय प्रारूपांचे (मॉडेलांचे) निष्कर्ष यांवरून ठरावीक वेळेत निर्णय देणे हा त्याचा गाभा आहे. दुसरे काम संशोधनाचे. मान्सूनची गतिकी (हवेच्या हालचालींमागील भौतिक नियमांचा अभ्यास), ढगांचे भौतिकशास्त्र, एरोसॉल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण), हवामान प्रारूपे असे विषय त्यात येतात, आणि त्यासाठी पीएच.डी.पर्यंत जाण्याची मानसिक तयारी हवी. तिसरे काम कृषी हवामानशास्त्राचे असून त्याची वाट कृषी विद्यापीठांतून जाते. चौथ्या गटात विमा, पवनऊर्जा, सौरऊर्जा आणि शहरांच्या पूरव्यवस्थापनासाठी होणारे विश्लेषणाचे काम येते. २०२० मध्ये सुरू झालेली 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर इशारा प्रणाली या शेवटच्या प्रकारचे जवळचे उदाहरण आहे. तिच्यात पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी आणि शहराचे चढउतार यांचा एकत्र विचार केला जातो.

पनवेल-खारघर भागातील विद्यार्थ्यांसाठी एक खुलासा. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था ही नामवंत संशोधन संस्था घराजवळ आहे, म्हणून हवामानशास्त्रासाठी तीच योग्य, असे अनेकांना वाटते. तेथील मुख्य विषय पृथ्वीचे चुंबकत्व, आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) आणि उच्च वातावरण हे आहेत, तर पाऊस, वादळे आणि मान्सून घडतात ते वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात. उच्च वातावरणाची ओढ असेल तर ही संस्था उत्तमच आहे. मात्र पावसाचा अंदाज शिकण्याच्या इच्छेने तेथे जाणे योग्य ठरणार नाही.

२. गणित आणि भौतिकशास्त्र सुटले नाही ना, हे पाहा

या क्षेत्रातील बहुतेक दारे याच दोन विषयांच्या किल्लीने उघडतात. भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक सहायक पदांसाठी कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये घेतलेल्या भरतीत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही मुख्य विषय असण्याची अट होती. म्हणजे बारावीला केवळ जीवशास्त्राचा गट घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला, पुढे पदवी कितीही चांगली मिळवली, तरी ही अट आडवी येते. हवाई दलाच्या हवामान शाखेच्या भरतीतही पदवीच्या पातळीवरील गणित आणि भौतिकशास्त्र यांना महत्त्व असते. तिची सविस्तर पात्रता वेळोवेळी बदलते, त्यामुळे एएफकॅट परीक्षेची ताजी जाहिरातच प्रमाण मानावी.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य आणि दुय्यम विषय निवडावे लागतात. भौतिकशास्त्र मुख्य असेल तर गणित दुय्यम घ्यावे, आणि गणित मुख्य असेल तर भौतिकशास्त्र. वेळापत्रक सोयीचे आहे किंवा मित्रांनी घेतला आहे म्हणून भलताच दुय्यम विषय निवडणे हा या टप्प्यावरील सर्वांत महागात पडणारा सापळा आहे, कारण तिसऱ्या वर्षी तो दुरुस्त करता येत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी काळजी करण्याचे कारण नाही. गेट परीक्षेद्वारे एम.टेक.चा मार्ग त्यांना मोकळा असतो, आणि द्रवगतिकी व संगणकीय गणनेची सवय त्यांच्या पथ्यावर पडते. बी.एस्सी. कृषी करणाऱ्यांसाठी मात्र कृषी हवामानशास्त्रातील एम.एस्सी. हाच सरळ रस्ता आहे.

३. पदवीच्या नावावर न जाता अभ्यासक्रम वाचा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ देण्याचा आहे. पर्यावरणशास्त्र, हवामान बदल आणि शाश्वतता, भूमाहितीशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन या नावांचे अभ्यासक्रम आता जागोजागी निघाले आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत ढग, वादळे व उपग्रह हमखास दिसतात. ते आपापल्या जागी उपयुक्त असतील, परंतु त्यांतील बहुतेकांमध्ये वातावरणाची गतिकी शिकवली जात नाही, आणि ती शिकल्याखेरीज हवामानशास्त्रज्ञ होता येत नाही.

मोजपट्टी कोणती वापरावी, याचे उत्तर तयार आहे. जागतिक हवामान संघटनेने आपल्या १०८३ क्रमांकाच्या प्रकाशनात हवामानशास्त्रज्ञाच्या मूलभूत शिक्षणाचा आराखडा दिला आहे. गणित आणि भौतिकशास्त्राच्या पायावर त्यात चार खांब सांगितले आहेत: भौतिक हवामानशास्त्र; गतिकीय हवामानशास्त्र आणि संख्यात्मक अंदाज; सिनॉप्टिक (शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेल्या प्रणालींचे) व मध्यम-प्रमाण (मेसोस्केल, म्हणजे त्याहून लहान, स्थानिक घडामोडींचे) हवामानशास्त्र; आणि हवामानमानशास्त्र, म्हणजे दीर्घकालीन सरासरींचे व बदलांचे शास्त्र. विभागाच्या संकेतस्थळावरून सत्रनिहाय अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि या चार खांबांखाली कोणता पेपर बसतो, हे कागदावर लिहून काढावे. एखादा खांब रिकामा राहिला तर तो का रिकामा आहे, हे विभागाला विचारावे.

अमेरिकेतील संघीय हवामानशास्त्रज्ञ पदांची शैक्षणिक अट ही दुसरी उपयोगी मोजपट्टी आहे. त्या पदांसाठी एकूण किमान २४ क्रेडिट हवामानशास्त्राचे लागतात, आणि त्यांत ६ क्रेडिट वातावरणाच्या गतिकी व ऊष्मागतिकीचे आणि ६ क्रेडिट हवामान प्रणालींच्या विश्लेषण व अंदाजाचे असावे लागतात. ती पदे आपल्यासाठी नाहीत आणि क्रेडिट मोजण्याची पद्धतही देशोदेशी वेगळी असते. तरीही गतिकी आणि विश्लेषण या दोहोंना किती वजन द्यावे, याचा अंदाज त्यावरून येतो.

अभ्यासक्रम वाचताना पेपरच्या शीर्षकापाशी न थांबता आतील घटक पाहावेत. गतिकीच्या पेपरमध्ये गतीची समीकरणे, भूवलनजन्य वारा (जिओस्ट्रॉफिक विंड), भ्रमिलता (व्हॉर्टिसिटी, म्हणजे हवेच्या फिरकीचे माप) आणि रॉसबी लाटा (वातावरणातील महाकाय लाटा) हे घटक असतील तर तो खरा पेपर आहे. केवळ 'वाऱ्यांचे प्रकार' एवढेच असेल तर ती शालेय भूगोलाची उजळणी समजावी. प्रात्यक्षिकांत समदाब रेषा आखणे, टेफिग्राम (उंचीनुसार तापमान व आर्द्रता दाखवणारा आलेख) भरून वातावरणाची अस्थिरता काढणे, रडार आणि उपग्रह माहितीचे वाचन, तसेच लिनक्सवर पायथन किंवा फोर्ट्रान वापरून नेटसीडीएफ या संगणकीय फाइल-स्वरूपातील हवामानाची माहिती हाताळणे या गोष्टी असाव्यात. डब्ल्यूआरएफसारखे हवामान-अंदाजाचे प्रारूप विद्यार्थ्यांना स्वतः चालवायला मिळते का, हेही पाहावे. हाताने नकाशा काढणे आता जुनाट झाले, असे म्हणणारे भेटतील. माझे मत वेगळे आहे. समदाब रेषा स्वतः आखल्याने दाबाच्या उतारावरून वारा ओळखण्याची जी नजर येते, ती पडद्यावर तयार नकाशे पाहून येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच काळात कुलाब्याला साधारण ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील दोन वेधशाळांत एवढा फरक का पडला, या प्रश्नाच्या उत्तराला मध्यम-प्रमाण हवामानशास्त्राशिवाय हात घालता येत नाही. आपल्या भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याने हा पेपर नसलेला अभ्यासक्रम घेताना दोनदा विचार करावा.

४. संस्थांची यादी करा, पण घरापासूनच्या अंतराने नव्हे

पुणे अर्थातच पहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पाषाण येथे भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे, आणि शिवाजीनगरला हवामान विभागाचे कार्यालय आहे, ज्याला जुने पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. एका शहरात विद्यापीठ, संशोधन संस्था आणि अंदाज कार्यालय अशी तिन्ही असणे ही मोठी सोय आहे, कारण प्रबंधासाठी मार्गदर्शक शोधताना त्याचा फायदा होतो. पाषाणची संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली असून 'प्रत्युष' आणि 'अर्क' हे महासंगणक तेथे आहेत. २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली सहा किलोमीटर विभेदनाची (म्हणजे तेवढ्या बारीक चौकटींवर अंदाज देणारी) 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही अंदाज प्रणाली तेथेच विकसित झाली. मात्र ही संस्था मुख्यतः संशोधनाची आहे. बी.एस्सी. संपताच थेट तेथे 'प्रवेश' घेण्याची चौकशी करणाऱ्यांनी आधी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेट यांचा विचार करावा. तिच्या नावाचे इंग्रजी लघुरूप आयआयटी मद्रासच्या प्रचलित लघुरूपासारखेच आहे, त्यामुळे शोधताना पूर्ण नाव लिहावे. पुण्यातच आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे. तेथील बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमात पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचे विषय घेता येतात, आणि बारावीनंतर थेट या वाटेला लागू इच्छिणाऱ्यांसाठी तो चांगला पर्याय आहे.

पुण्याबाहेर पाहण्याची तयारी ठेवल्यास निवड खूप रुंदावते. कोचीच्या कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात एम.एस्सी. हवामानशास्त्र आहे आणि तेथे वातावरणाचा उभा छेद घेणारे २०५ मेगाहर्ट्झचे रडार आहे. मान्सून देशाच्या मुख्य भूमीवर प्रथम केरळातच येतो, त्यामुळे या विषयासाठी ही जागा विशेष आहे. घरच्यांना केरळ लांब वाटते, पण नेत्रावती एक्स्प्रेस ठाणे आणि पनवेल या दोन्ही ठिकाणी थांबते, हे त्यांना सांगावे. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्र आणि महासागरशास्त्राचा जुना विभाग आहे. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांत रस असणाऱ्याने तो जरूर पाहावा. आयआयटी भुवनेश्वरमध्ये वातावरण आणि महासागर विज्ञानात एम.एस्सी. आहे. एम.टेक. आणि पीएच.डी.साठी आयआयटी दिल्लीचे वातावरण विज्ञान केंद्र, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वातावरण आणि महासागर विज्ञान केंद्र आणि आयआयटी खरगपूरचे महासागर, नद्या, वातावरण आणि भूमी विज्ञान केंद्र यांचा विचार करावा. पवईच्या आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचे केंद्र असून तेथे पीएच.डी. करता येते. ऐरोली किंवा ठाण्याहून रोज जाऊन-येऊन संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी ही एक वास्तव शक्यता आहे.

कृषी हवामानशास्त्रासाठी पुण्याचे कृषी महाविद्यालय आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही राज्यातील ठळक नावे होत.

सर्वसाधारण क्रमवाऱ्या या निवडीत फारशा कामाच्या नाहीत. त्यांत संपूर्ण विद्यापीठाचे मोजमाप असते, आणि मोठ्या विद्यापीठात हा विभाग दोन-तीन प्राध्यापकांवर चालत असू शकतो. आपल्याला दोन वर्षे विभागात काढायची असतात, म्हणून विभागच पाहावा.

५. प्रवेश परीक्षा आणि त्यांचे महिने

येथे बहुतेकांची गफलत होते ती अशी, की पदवीचा निकाल लागल्यावर चौकशीला सुरुवात केली जाते, आणि तोपर्यंत निम्मी दारे बंद झालेली असतात.

- आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम. अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. यात हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. भौतिकशास्त्र किंवा गणिताचा पेपर द्यावा लागतो.
- एम.टेक.साठी गेट. अर्ज ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, परीक्षा फेब्रुवारीत. अभियांत्रिकी विज्ञान या पेपरमध्ये गणिताचा भाग अनिवार्य असतो आणि उरलेल्यांपैकी निवडायच्या दोन भागांत 'वातावरण आणि महासागर विज्ञान' घेता येतो. कोणता विभाग गेटचा कोणता पेपर ग्राह्य धरतो, हे अर्जापूर्वीच पाहावे.
- केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी.
- कोचीन विद्यापीठाची आणि पुणे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा.
- आंध्रसाठी त्या राज्याची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. परराज्यातील उमेदवारांसाठीचे नियम वेगळे वाचावेत.
- पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट. 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान' हा यातील आपला विषय.

तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. तृतीय वर्षाच्या ऑगस्टमध्येच या सर्वांची एक वही करावी.

६. परदेशाचा विचार असल्यास

ब्रिटनमध्ये रेडिंग विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग १९६५ पासून आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठाचा विभाग नॉर्मन येथील राष्ट्रीय हवामान केंद्राच्या इमारतीत आहे आणि तीव्र वादळांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थाही त्याच छपराखाली आहेत. पेन स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट हीदेखील जुनी नावे आहेत. जर्मनीत हॅम्बर्गला माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्था असल्याने तेथील विद्यापीठाला वेगळे वजन आहे.

अमेरिकेत या विषयाच्या संशोधनाधारित एम.एस. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अनेकदा सहायकवृत्ती (अध्यापन किंवा संशोधनात मदतीच्या बदल्यात मिळणारे अर्थसाहाय्य) मिळते, म्हणून संगणकशास्त्राच्या एम.एस.साठी शेजाऱ्यांनी काढलेल्या कर्जाचा आकडा ऐकून घाबरू नये. तीन वर्षांची बी.एस्सी. मात्र काही विद्यापीठे पुरेशी मानत नाहीत. अशा वेळी चौथे वर्ष पूर्ण करणे किंवा भारतातच एम.एस्सी. करून थेट पीएच.डी.ला अर्ज करणे, असे दोन मार्ग राहतात, आणि मला दुसरा अधिक शहाणपणाचा वाटतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, परंतु बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि हवामानशास्त्र शिकवणारे कार्ल्सरूहे शहरातील विद्यापीठ त्याच राज्यात येते. जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) लागते. शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे की जर्मन, हेही अभ्यासक्रमागणिक तपासावे.

७. विभागाला विचारण्याचे प्रश्न

शक्य असल्यास विभाग प्रत्यक्ष पाहावा. पुण्याला तर सकाळी जाऊन रात्री परत येता येते. जाणे शक्य नसेल तर सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. ते प्राध्यापकांपेक्षा मोकळेपणाने सांगतात.

पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि त्यांपैकी गतिकी व सिनॉप्टिक कोण शिकवते? आठवड्याला हवामानाच्या नकाशांची चर्चा होते का? विद्यार्थ्यांना उच्च क्षमतेचा संगणक वापरायला मिळतो का? शेवटच्या सत्राचा प्रबंध कोणत्या संस्थांमध्ये करता येतो? मागील तीन तुकड्यांतील विद्यार्थी सध्या कोठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला 'सगळे चांगल्या ठिकाणी लागले' असे उत्तर आल्यास ठिकाणांची नावे नम्रपणे विचारावीत.

८. कागदपत्रे

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
- पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आणि श्रेणीचे टक्क्यांत रूपांतर दर्शवणारे पत्र
- महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र
- पदवीच्या अभ्यासक्रमाची महाविद्यालयाने साक्षांकित केलेली प्रत (गणिताचे किती घटक शिकलात, हे दाखवण्यासाठी)

नवी मुंबईकरांनी दाखले काढताना आपला जिल्हा नीट पाहावा. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात मोडतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात. पत्त्यावर 'नवी मुंबई' लिहिलेले असले तरी तहसील कार्यालय त्यानुसार बदलते.

ओबीसी विद्यार्थ्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आयआयटी, आयसर आणि केंद्रीय विद्यापीठांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते, आणि ते सामान्यतः चालू आर्थिक वर्षातील असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही. आपली जात केंद्रीय यादीत आहे का, हेही पाहावे. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग असल्याने केंद्रीय संस्थांत तो लागू होत नाही. अशा विद्यार्थ्यांनी, केंद्राच्या निकषांत बसत असल्यास, केंद्रीय नमुन्यातील ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राविषयी तहसील कार्यालयात चौकशी करावी. अर्ज एप्रिलमध्येच करावा, कारण जूनमध्ये अकरावी आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशांची गर्दी सेतू केंद्रांवर लोटते.

९. जागा मिळाल्यावर

दोन ठिकाणी जागा मिळणे ही आनंदाची गोष्ट असली तरी मूळ दाखल्यांच्या बाबतीत ती अडचणीची होते. पहिल्या संस्थेत महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला आणि मायग्रेशन जमा केले की दुसऱ्या संस्थेच्या फेरीत नाव लागल्यावर ते परत मिळवण्यात दिवस जातात, आणि दुसरीकडची मुदत तेवढे थांबत नाही. शक्य असेल तेथे हमीपत्र देऊन मूळ कागदांसाठी मुदत मागावी, प्रत्येक कागदाच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख पैसे भरण्यापूर्वी वाचावी. अंतिम वर्षाचा निकाल बाकी असल्यास बहुतेक संस्था तात्पुरता प्रवेश देतात, पण गुणपत्रिका सादर करण्याची तारीख ठरलेली असते. निकाल लांबणार असे दिसताच प्राचार्यांकडून 'निकाल प्रतीक्षेत' असल्याचे पत्र घ्यावे आणि नव्या संस्थेला ते मुदतीच्या आत ईमेलने पाठवून पोच मागून घ्यावी. वसतिगृहाचा अर्ज अनेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जापासून वेगळा असतो. प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवशीच तो भरून टाकावा.